शेवाळावर औषध नाही

शुक्रवारी संध्याकाळी टीममधल्या एका मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. हिंजवडीतला फ्लॅट, टीव्हीशेजारी दोन फुटी टाकी, वर डोळे दिपवणारा एलईडी, आणि आत प्रत्येक पानावर हिरव्या केसांचा टोप. खाली एकच ओळ : "औषधाचं नाव सांग ना, उद्या आणतो."

मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं चला, या वीकेंडचा लेख हाच.

तर मंडळी, निकाल आधी सांगतो, खटला मागून. गोड्या पाण्याच्या, झाडं लावलेल्या टाकीत शेवाळ हा रोग नाही. त्यामुळे त्यावर औषधही नाही. बाटलीत भरून जे विकतात ते विष असतं, कधी सौम्य, कधी जहाल, आणि ते घेणारा माणूस नेमकं जे बघायला हवं त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. मी हे पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी ते चोवीस चिंगळं मारून शिकलो.

२०२० च्या जूनमध्ये ई-पास काढून पुण्याहून गावी गेलो, मालवण तालुक्यात. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि बाबा एकटेच होते. पडवीत टेबल मांडून ऑफिस सुरू केलं. नेटवर्क माडाच्या बुंध्याशी एक दांडी, उंबऱ्यावर दोन. आयुष्यात पहिल्यांदा रोजचे दोन तास प्रवासाचे वाचत होते, आणि वाचलेल्या वेळेचं मी तेच केलं जे अर्ध्या जगाने तेव्हा केलं : छंद शोधला. कुडाळहून काच कापून आणून तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी करून घेतली. साधारण दीडशे लिटर. तळाला शेतातली माती, वर नदीची वाळू. झाडं विकत घ्यायची गरजच नव्हती. पाऊस ओसरताना भाताच्या मळ्यात पाणी साचलेलं असतं, तिथे रोटाला आणि लिम्नोफिला तणासारखे वाढतात. हीच लिम्नोफिला पुण्यात दुकानदार 'अंबुलिया' म्हणून जुडीच्या भावाने विकतात. मासे म्हणजे व्हाळातले छोटे, चंदेरी, काळ्या ठिपक्याचे, शिवाय आरोग्य खात्याने डासांसाठी बावीत सोडलेल्या गप्पींचे वंशज. आणि चोवीस चिंगळं. मोजून सोडली होती, म्हणून आकडा लक्षात आहे.

टाकी कुठे ठेवायची यावर बाबांनी व्हेटो वापरला. खिडकीशीच हवी, म्हणजे आरामखुर्चीतून रस्ता पण दिसतो आणि मासे पण. गुडघ्यांमुळे त्यांचं फिरणं तेव्हा अंगणापुरतं उरलं होतं. मी हो म्हटलं.

पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी भुकटी आली. ती डायटम्सची. नव्या टाकीत येते आणि बहुतेक वेळा आपणहून जाते, तिच्यावर कुणी पैसे खर्च करू नयेत. गोगलगाईंनी ती चाटून साफ केली. मला वाटलं, जमलं आपल्याला! पण जानेवारीत लिम्नोफिलाच्या बारीक पानांत हिरवे धागे दिसायला लागले. टूथब्रशला गुंडाळून काढले. आठ दिवसांत परत. परत काढले. मार्चपर्यंत टाकीत झाडं कुठली आणि शेवाळ कुठलं ते कळेना. मग मीही तेच केलं जे फोटोवाला मुलगा करायला निघालाय. एका दुकानातून बाटली मागवली. लेबलवर हसणारा मासा होता. मापानेच घातलं, एक थेंबही जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगळं लाल पडून तळाला होती. उकडल्यासारखी. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते.

बाबांनी बाटली डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "ह्या मोरचूद मां?"

मोरचूदच. कॉपर सल्फेट. कोकणात ज्याच्या घरी सुपारीच्या चार पोफळी आहेत त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात कोळेरोग येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारतात, तेच हे. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून निघालेलं मिश्रण आमच्या पोफळींवर आलं आणि मी ते हौसेने, कुरिअरचे पैसे भरून, मासे ठेवलेल्या पाण्यात ओतलं होतं. बाजारातल्या सगळ्याच बाटल्यांत तांबं नसतं, काहींत ग्लुटाराल्डिहाइड असतं, काहींत आणखी काही. पण तांबं असेल तर चिंगळं आणि गोगलगाई पहिल्या जातात. गंमत म्हणजे चिंगळाच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्यच तांब्याचं असतं, आपल्यात लोखंडाचं असतं तसं. तरी वरून आलेलं तांबं त्यांना सोसत नाही.

आणि यात एक गोष्ट लेबलवर नव्हती. जांभ्या दगडातून आलेलं आमच्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार कमी. पाणी जड असेल तर त्यातले क्षार तांब्याला बऱ्याच अंशी अडवून धरतात. मऊ पाण्यात ते मोकाट. म्हणजे जे माप बोअरवेलच्या जड पाण्यात कदाचित निभावलं असतं, तेच मालवणात जीवघेणं ठरलं. "प्रति शंभर लिटर इतके थेंब" हे वाक्य वाचताना कुठलं शंभर लिटर, हा प्रश्न मला पडला नाही. वीस वेगवेगळ्या सर्व्हरांवर एकच कोड वीस तऱ्हेने चालतो हे ज्याला पोटापाण्यासाठी माहीत आहे, त्याला तो पडायला हवा होता. असो.

शेवाळ मात्र मेलं. मेलं म्हणजे सडलं, आणि सडताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन आपल्या पोटातलं खत परत पाण्यात सोडून गेलं. तीन आठवड्यांत त्याच खतावर नवीन धागे उभे राहिले. आमच्या धंद्यात याला एक्सेप्शन पकडून गिळून टाकणं म्हणतात. लॉगमध्ये काही दिसत नाही, सगळे खूष, आणि सोमवारी सकाळी सिस्टीम झोपते.

पुढचा प्रयोग मी केला नाही, तो माझ्यावर झाला. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. माड मोडले, विजेचे खांब आडवे झाले, खिडकीचं तावदान फुटलं. आम्ही खिडकीवर फळ्या ठोकल्या आणि वर ताडपत्री मारली. वीज सहा दिवस नव्हती. म्हणजे टाकीला सहा दिवस दिवा नाही, ऊन नाही, फिल्टर नाही. खायला घालायचं तर कुणाच्या डोक्यातही नव्हतं, आम्हीच मेणबत्तीवर पेज खात होतो. मी टाकी गेली असंच धरून चाललो होतो. सहाव्या दिवशी ताडपत्री काढली तर मासे जिवंत (फार थोडे होते म्हणून निभावलं, गच्च भरलेल्या टाकीत हे झालं नसतं), झाडं जराशी फिकट, आणि हिरव्या धाग्यांच्या जागी पांढरट, बोटाने ओढलं तर तुटणारी लव.

अंधार. फुकटातलं औषध! झाडाजवळ साठवण असते, खोडात, मुळात, त्यावर ते काही दिवस काढतं. धाग्यासारख्या शेवाळाजवळ आजचं आज. जाणकार लोक मुद्दाम तीन-चार दिवस टाकीवर चादर टाकतात ते यासाठीच. मी पन्नास टक्के पाणी बदललं, मेलेली लव काढली आणि मित्रांना मोठ्या तोंडाने फोटो पाठवले.

जूनच्या अखेरीस धागे परत.

इथे मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण या वेळी पावसाने माझ्यासाठी एक व्हेरिएबल काढून टाकलं होतं. जूनपासून आमच्या खिडकीत ऊन येतच नाही, आभाळ काळं असतं. इतके दिवस मी मनातल्या मनात खिडकीला, म्हणजे पर्यायाने बाबांना, दोष देत होतो. ऊन नसताना शेवाळ येत असेल तर कारण दुसरं. दिवा मी टायमरवर साडेदहा तास ठेवला होता, कारण मला रात्री काम संपल्यावर टाकी बघायची असायची. पहिला संशयित सापडला, आणि तो मीच होतो.

दुसरा संशयित एका मीटिंगमध्ये सापडला. मी म्यूटवर होतो. क्लायंट बोलत होता. मागे प्लॅस्टिकच्या डबीचं झाकण उघडल्याचा बारीक 'टक्' आवाज आला. वीस मिनिटांनी परत टक्. दुपारी परत. त्या दिवशी मी वहीत रेघा मारल्या. संध्याकाळपर्यंत नऊ.

"बाबा, दिवसाक कितके येळा घालतास तेंका?"

"कितके म्हणजे? माझ्या चायवांगडा वायच. तुझ्या चायवांगडा वायच."

"तेंचा पोट तेंच्या डोळ्याएवढा असता."

"माका बघल्यावर फुडे येतत रे. माका बघून आता दुसरा कोण फुडे येता?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. पण घातलेल्या खाण्याचं काय होतं ते बघू, कारण लेखाचा गाभा तोच आहे.

माशाने खाल्लं किंवा न खाता तळाला गेलं, दोन्ही वाटांनी त्याचं शेवटी अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट होतं. म्हणजे खत. ते कोण उचलणार यावर सगळं. १९७३ साली कॅनडात ओंटारिओमध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अख्खं तळं मधोमध प्लॅस्टिकच्या पडद्याने दुभागलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस फक्त एकाच भागात. तो अर्धा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला आणि कपड्यांच्या साबणातला फॉस्फेट बंद करण्याच्या लढाईत वापरला गेला.

हाच धागा धरून १९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केविन कॉनलिन या दोन हौशी टाकीवाल्यांनी मांडलं की झाडांना बाकी सगळं भरपूर द्या, फक्त फॉस्फेट तुटीत ठेवा, म्हणजे झाडं ते ओढून घेतील आणि शेवाळ उपाशी राहील. कित्येकांच्या टाक्या याने सुधारल्या. मग काही वर्षांनी टॉम बार नावाच्या गृहस्थाने उलटा प्रयोग केला. भरगच्च झाडांच्या, कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाकीत मुद्दाम फॉस्फेट ओतलं, आणि शेवाळ आलंच नाही! झाडं उलट जोमाने वाढली. त्याचं म्हणणं, खत जास्त झाल्याने शेवाळ येत नाही, झाडाला काहीतरी कमी पडल्याने येतं. तेव्हापासून या दोन पंथांत जे वाद चालतात ते पुण्यातल्या मिसळीच्या वादांपेक्षा तिखट आहेत.

माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या पाण्यात बरोबर आहेत. बारच्या टाकीत झाडं इतकी होती आणि कार्बन इतका होता की आलेलं सगळं खत झाडं गिळत होती. माझ्या टाकीत सिलिंडर नव्हता. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. झाड जेवायला बसलंय, पण वाढपी दहा मिनिटांनी एक घास वाढतोय, अशी त्याची अवस्था. अशा वेळी वरून साडेदहा तास उजेड म्हणजे "लवकर जेव, लवकर जेव" म्हणून डोक्यावर उभं राहणं. झाड जेवू शकत नाही. ताट भरलेलं तसंच राहतं. आणि ज्याला थोडक्यात भागतं असा पाहुणा आयता त्या ताटावर येऊन बसतो. उजेड हा वेग आहे. तो वाढवला की बाकी सगळ्याची मागणी वाढते, आणि बाकीचं नसेल तर फायदा शेवाळाचा.

म्हणून मला दिवा हा खरा गुन्हेगार वाटतो आणि डबी ही साथीदार. दुकानात मात्र तुम्हाला सगळ्यात झगझगीत दिवा आधी विकतात आणि शेवाळाची बाटली महिन्याने. दोन्ही त्याच काउंटरवर.

मग काय केलं? दिवा साडेदहावरून सहा तासांवर आणला आणि आठ इंच वर टांगला. मळ्यातून रोटाला आणि लिम्नोफिला इतकी आणून खोचली की वाळू दिसेना. हे सगळ्यात महत्त्वाचं. चार काड्या लावून "झाडांची टाकी" म्हणणारे आपण शेवाळाला रिकामं मैदान देतो. वर थोडी तरंगणारी झाडं सोडली, त्यांची पानं हवेत असल्यामुळे त्यांना कार्बनची ददात नसते आणि खत ओढायला ती राक्षस असतात. शिवाय सावली. दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं, न चुकता. आणि खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. या शेवटच्या ओळीपाशी गाडी अडली होती. ती कशी सुटली ते सांगतो, पण त्याआधी दोन गोष्टी मनातून काढून टाकायच्या आहेत.

एक म्हणजे आपला शब्द. पायरीवर पाय घसरतो तेही शेवाळ, तळ्यात तरंगतं तेही, काचेवरचं तेही. त्यामुळे एकच इलाज सगळ्यांना लागू करायची सवय लागते. पानांच्या कडेला काळी दाढी आली असेल तर ती खरं तर लाल शेवाळांच्या कुळातली असते, स्पिरिटमध्ये बुडवली की लाल होते, करून बघा. ती बहुधा कार्बन कमी-जास्त होत असल्याची खूण. आणि निळसर हिरवा, बुळबुळीत, चादरीसारखा सोलून निघणारा, कुबट वासाचा जो थर असतो, ते शेवाळच नाही, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्यावर लोक इरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुटून टाकतात. माणसांच्या अँटिबायोटिक्सची आपल्याकडे आधीच जी दशा आहे त्यात माशांच्या टाकीतून आणखी भर घालणाऱ्यांविषयी मला अजिबात सहानुभूती नाही. थर ओढून काढा, गाळ उपसा, पाणी हलतं ठेवा, चार दिवस अंधार करा.

दुसरी गोष्ट, शेवाळ खाणारे मासे. दुकानदार बोटाएवढा सकरफिश देतो आणि म्हणतो हा सगळं साफ करेल. तो वाढून फूट-दीड फुटाचा होतो, मोठेपणी शेवाळात त्याला फारसा रस उरत नाही, आणि स्वतःच इतकी घाण करतो की हिशेब उलटा पडतो. मग कुणीतरी हळव्या मनाने त्याला नदीत सोडतं. केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल इथल्या पाण्यांत हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा आता कायमचा राहायला आलाय, जाळी फाडतोय. तरंगणाऱ्या झाडांचंही तेच. साल्व्हिनिया मोलेस्टा नावाचं देखणं झाड केरळच्या कालव्यांत इतकं माजलं की लोक त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणायला लागले. शेवटी ऐंशीच्या दशकात ते खाणारा दोन मिलिमीटरभराचा भुंगा आणून सोडावा लागला, तेव्हा पाणी दिसलं. तेव्हा टाकीतलं जास्तीचं झाड उन्हात वाळवून मग खतात टाका. व्हाळात नाही, बावीत नाही. आणि उलट दिशेनेही हात आवरा. मळ्यातलं तण आणलंत तर ठीक, पण कोकणातल्या काही पाणवनस्पती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, क्रिप्टोकोरायन कॉग्नाटा त्यातली एक. टाकीत छान दिसेल म्हणून ती उपटू नका.

आपल्या नद्यांत खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या नावाचा मासा आहे. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना त्याचं मराठी नावच शास्त्रीय नावात ठेवलं, म्हणून तो आजही 'गारा मुल्या' आहे. पण त्याला वाहतं पाणी लागतं. माझ्या टाकीत त्याला आणून मी त्याचं भलं केलं नसतं.

धामापूरचा तलाव आमच्या घरापासून जवळ आहे. सन १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला, असं सांगतात. मातीचा बांध, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती डोंगर आणि झाडी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. मी लहानपणापासून बघतोय. तिथे शेवाळ नाही असं नाही, पायऱ्यांवर आहे, दगडांवर आहे. पण हिरवा रस्सा झालेला नाही. उलट पुण्यात पाषाण तलाव बघा. रामनदीतून येणारं सांडपाणी, वर जलपर्णीची चटई, मग ती काढायची निविदा, मग परत चटई. नऊ वेळा टक् वाजणारी डबी तिथेही आहे, फक्त ती आपल्या सगळ्यांच्या बाथरूमात आहे. चटई काढण्यावर जितकी चर्चा होते तितकी डबीवर होत नाही, कारण डबी बंद करा म्हणून कुणाला तरी तोंडावर सांगावं लागतं.

आणि ते किती अवघड असतं ते मला माहीत आहे. पडवीत बसलेल्या, गुडघे धरलेल्या, बायको गेलेल्या माणसाला मी "दिवसातून एकदाच" असं सांगितलं, तेव्हा त्यांनी डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि दोन दिवस टाकीपासून खुर्ची वळवून बसले. माझे आकडे बरोबर होते. फॉस्फेटची टेस्ट किट मागवून मी रंग त्यांना दाखवला होता. त्याचा काय उपयोग! शेवाळ कमी करायला मी एकशे तीस लिटर पाण्यातला प्रत्येक घटक तपासला होता, पण त्या टाकीचा खरा वापर करणारा एकच माणूस होता आणि त्याची रिक्वायरमेंट मी विचारलीच नव्हती. त्यांना मासे पुढे यायला हवे होते. खाणं हे निमित्त.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात कात्री दिली. लिम्नोफिला आठवड्याला वीतभर वाढते, शेंडे कापून परत खोचावे लागतात, ते तुम्ही करा म्हटलं. पोफळीची बाग राखलेल्या माणसाला छाटणी शिकवावी लागत नाही. हात पाण्यात गेला की मासे पुढे येतात, बोटाला टोचतात, हा शोध त्यांनी स्वतः लावला. पाण्यात हात घालून ते अर्धा-अर्धा तास बसायला लागले. खाणं एकावरून दोनवर आलं, मी काही बोललो नाही. दोन चिमटी झाडं पचवतात. मागच्या काचेवरचं हिरवं मी खरवडायला गेलो तर म्हणाले, "ता रवांदे, तेंका चराक होया." ते ठेवलं. आजही मागची काच हिरवी आहे आणि पुढून दिसतही नाही.

२०२२ मध्ये ऑफिसने पुण्याला बोलावलं. टाकी गावीच आहे. फोटोवाल्या मुलाला मी हे सगळं लिहून शेवटी एवढंच विचारलंय की दिवा किती तास असतो, आणि घरात माशांना खायला कोण घालतं? त्याचं उत्तर आलं : "दिवा बारा तास. खायला मुलगी घालते, तीन वर्षांची. तिला नाही कसं म्हणू?" आता बसलोय विचार करत.

मघाशी बाबांचा व्हिडिओ कॉल होता. "झिला, चिंगळां परत हाडलंय. धा." फोन टाकीला इतका चिकटवला होता की मला फक्त हिरवं धुकं दिसत होतं. मग त्यांनी फोन मागे घेतला तेव्हा गणपतीच्या तसबिरीमागे एक नवीन डबी दिसली, निळ्या झाकणाची. मी पाणी कधी बदललं ते विचारलं. "रविवारी," ते म्हणाले.